म्हैसखडकावरचा बाण

आमच्या यांना कामाचा कंटाळा नाही, वाकण्याचा आहे. हा फरक लग्नानंतर वर्षभरात माझ्या लक्षात आला आणि मी तो मान्यही करून टाकला, कारण संसारात कुठेतरी काहीतरी मान्य करावंच लागतं. खाली पडलेला टॉवेल हे पायाच्या बोटांनी उचलतात. बुटाची नाडी बांधायला पाय खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतात. आणि अशा माणसाला नगरपालिकेनं नोकरी दिली ती खडकांवर बाण रंगवायची.

आमचं गाव समुद्राकाठचं. एका टोकाला बंदर, दुसऱ्या टोकाला दीपगृह, मधे टेकड्या. टेकड्यांतून पायवाटा जातात, सायकलींच्या वाटा जातात, आणि सुट्टी लागली की लांबलांबून माणसं मुद्दाम घाम गाळायला इथे येतात. ती चुकू नयेत म्हणून प्रत्येक फाट्यावर पिवळा बाण. हा बाण कसा काढायचा याचाही नियम आहे. जमिनीत पक्क्या असलेल्या खडकावरच काढायचा. सुट्ट्या दगडावर काढलेला बाण हा बाण समजला जाणार नाही. नियम पट्टीसाहेबांनी केलेला. पट्टीसाहेब म्हणजे नगरपालिकेतले वाटांचे प्रमुख. हे नाव त्यांना पडलं कारण ते वाटा टेकडीवर न जाता टेबलावर, नकाशा पसरून, फूटपट्टीनं आखतात.

पक्क्या खडकावर बाण काढायचा तर गुडघे टेकावे लागतात. म्हणून यांनी आपल्यापुरती पद्धत बसवली. समुद्रावरून बऱ्यापैकी दगड आणायचे, व्हरांड्यात खुर्चीत बसून, दगड मांडीवर घेऊन, रेडिओ ऐकत ते रंगवायचे. वाळले की सायकलमागच्या गाड्यावर घालून फाट्यावर नेऊन ठेवायचे आणि पायानं ढकलून दिशा नीट करायची. मी एकदा म्हटलं, "अहो, साहेबांना कळलं तर?"

"साहेब टेकडीवर कधी आलेत? आणि अगं, दगड काय नि खडक काय, चालणाऱ्याला बाण दिसल्याशी कारण."

माझं सायकलींचं दुकान बंदरावर, जिथून सगळ्या वाटा सुटतात तिथेच. भाड्यानं सायकली देते, घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधते, चेन बसवते. त्यामुळे टेकडीवर काय चाललंय ते परतणाऱ्यांच्या तोंडून मला नगरपालिकेच्या आधी कळतं.

आता आत्याबाईंविषयी. यांची सख्खी आत्या. बंदर आणि दीपगृह यांच्या मधोमध, म्हैसखडकाच्या वर त्यांचं घर. उभा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये कानाला यंत्र लावून गेला. हे लहान असताना यांची आई कामावर जायची, तेव्हा यांना त्याच सांभाळायच्या. हे त्यांच्या टेबलाखाली बसून तारांशी खेळायचे. सगळ्या गावाचं बोलणं त्या बाईच्या हातून गेलेलं. दोन भाऊ एकमेकांशी बोलत नसले, तर एकाला दुसऱ्याचाच फोन जोडून द्यायच्या आणि वर म्हणायच्या, चुकून लागला. नोकरी संपल्यावरही त्यांना माणसांचा आवाज लागतोच. जुनी पायवाट त्यांच्या अंगणाला घासून जायची तेव्हा काही प्रश्नच नव्हता. येणारा-जाणारा पाणी मागायचा, मग चहा, मग आपली सगळी कर्मकहाणी.

गेल्या वर्षी पट्टीसाहेबांनी फूटपट्टी काढली. वाट सरळ केली, सायकलीही जातील अशी रुंद केली, आणि ती म्हैसखडकापासून खालून वळून थेट दीपगृहाला नेली. आत्याबाईंच्या अंगणात चिटपाखरू फिरकेना. त्यातच थंडीच्या दिवसांत त्या पायरीवरून घसरल्या. पाय मुरगळला. दुपारपासून दुसऱ्या दिवशी दूधवाली येईपर्यंत त्या तिथेच बसून होत्या. हाका मारून घसा बसला होता, पण ऐकायला कोण होतं? आम्ही धावत गेलो तेव्हा मला म्हणाल्या, "रडतेस काय, पाय आहे, लाइन तुटलेली नाही." पण घरात जाईपर्यंत माझा हात काही त्यांनी सोडला नाही.

मुलगा लगेच शहरातून आला. म्हणजे यांचा आतेभाऊ, माझे भावोजी. माणूस वाईट नाही, पण वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाची काळजी असते तशी त्यांची काळजी, एकदम आणि भरपूर. म्हणाले, "आई, माझ्याकडे चल. नवव्या मजल्यावर सगळं आहे."

"माणसं आहेत?"

"लिफ्टमध्ये भेटतात."

"बोलतात?"

शेवटी ठरलं ते असं. उन्हाळ्याच्या अखेरीस ते पुन्हा येतील. तोवर दूधवालीखेरीज रोज कुणीतरी दाराशी येतंय असं दिसलं तर आईनं राहावं. नाहीतर बॅग भरायची आणि निमूट निघायचं. आम्हीच रोज गेलो असतो की, पण दुकान आणि नोकरी सांभाळून वरचा चढ एक दिवसाआड जमायचा, आणि भावोजींना एक दिवसाआड चालत नव्हतं.

मग एके दिवशी माझ्याकडे सायकल परत करायला आलेल्या एका जोडप्याच्या हातात मला लिंबं दिसली. जाड सालीची, गाठीगाठीची. असली लिंबं या पंचक्रोशीत एकाच झाडाला लागतात आणि ते झाड आत्याबाईंच्या अंगणात आहे. "दीपगृह कसं वाटलं?" मी विचारलं.

"दीपगृह सापडलंच नाही," बाई म्हणाल्या. "बाण बघत गेलो तर एका आजींच्या घरी पोचलो. पण काय गप्पा झाल्या हो. यांचं नि माझ्या आईचं गेली चार वर्षं वाकडं होतं, आजींनी तिथल्या तिथे फोन लावायला लावला."

दुसऱ्या दिवशी आणखी लिंबं. आठवडाभरात तर दुकानात लिंबांचा वास सुटला. मी काय ते समजले आणि तोंडाला कुलूप लावलं. हे मात्र हैराण झाले. दर खेपेला दगड पायानं सरळ करून यायचे, पुढच्या खेपेला बाण पुन्हा वरच्या अंगाला. आधी यांनी बकऱ्यांवर संशय घेतला. मग दीपगृहाशी सरबत विकणाऱ्यावर, त्याचंच गिऱ्हाईक बुडत होतं तरी. मग शाळेतल्या पोरांवर. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.

"अहो, बकरी दगड फिरवेल कशाला?" मी म्हटलं.

"तुला बकऱ्यांचं काय माहिती?"

अशात सायकलवाल्यांचा एक मोठा जथा बाणाच्या भरवशावर मान खाली घालून चढ मारत आला तो आत्याबाईंच्या कोंबड्यांच्या खुराड्यात शिरला. कुणाला लागलं नाही, कोंबड्या तेवढ्या दोन दिवस अंडी द्यायच्या विसरल्या. पण जथ्याच्या म्होरक्यानं नगरपालिकेत तक्रार केली आणि पट्टीसाहेबांनी जाहीर केलं की येत्या रविवारी ते स्वतः टेकडीवर येऊन प्रत्येक बाण तपासतील. नेमके त्याच रविवारी भावोजी यायचे होते.

यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाण सुट्ट्या दगडांवर आहेत हे साहेबांनी पाहिलं तर नोकरीच धोक्यात. "आधी चोर पकडतो," म्हणाले, आणि गुरुवारी भल्या पहाटे म्हैसखडकापाशी दबा धरून बसायला निघाले. मीही निघाले. मला चोर बघायचा नव्हता, चोर बघताना यांचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं.

आम्ही झुडपामागे बसलो. म्हणजे मी बसले, हे झाडाला टेकून उभे राहिले. उजाडलं तशी वरून कुरकुर असा चाकांचा आवाज आला. एक जुनी बाबागाडी उतारावरून येत होती. भावोजींना जिच्यात घालून गावभर फिरवलं तीच. मागे आत्याबाई, डोक्याला रुमाल बांधून. त्यांनी बाणाचा दगड दोन्ही हातांनी अलगद गाडीत घेतला, चार पावलं वर नेऊन ठेवला, पायानं ढकलून दिशा नीट केली. अगदी यांच्यासारखीच. घराणंच ते.

"आत्या," हे झुडपातून म्हणाले.

आत्याबाई दचकल्यासुद्धा नाहीत. "ये, ठोंब्या. बरं झालं आलास. पुढचा दगड जड आहे, तो तू उचल."

"तू माझी नोकरी घालवणार आहेस."

"मी? खडकावर काढलेला बाण मला हलवता आला असता का? तू हलता ठेवलास, मी हलवला."

यावर यांना राग मात्र भरपूर आला. नियम, साहेब, तपासणी असं बरंच बोलले. तक्रार करायची तरी कुणाची, आपलेच दात आणि आपलेच ओठ. शेवटी म्हणाले, "रविवारपर्यंत एकाही दगडाला हात लावायचा नाही. शब्द दे."

आत्याबाईंनी खालच्या सरळसोट वाटेकडे पाहिलं. रविवारी कोण येणार आहे ते त्यांना माहीत होतं, आम्हालाही होतं. मी यांच्या कोपराला चिमटा काढला, पण हे घुम्यासारखे उभे. "दिला," आत्याबाई म्हणाल्या, आणि रिकामी बाबागाडी ढकलत वर गेल्या.

यांनी सगळे दगड पुन्हा साहेबांच्या रेघेवर आणले. शुक्रवारी माझ्या दुकानात एकही लिंबू आलं नाही. दीपगृह मात्र सगळ्यांना सापडलं.

शनिवारी दुपारी हे पाव आणि औषध द्यायला वर गेले. परत आले ते व्हरांड्यात बसले, रेडिओ लावला नाही. जेवायला वाढलं तर ताटाशी नुसते बसून राहिले. मी काही विचारायच्या आत स्वतःच म्हणाले, "कप धुऊन कठड्यावर उपडे मांडून ठेवलेत तिनं. सगळे. आणि स्वतः वाटेकडे तोंड करून बसलीय. मला बघून उठली. मग मीच आहे असं दिसल्यावर पुन्हा बसली."

"बॅग?"

"भरून दाराशी ठेवलीय. मला म्हणाली, ठोंब्या, चहा घेतोस का, पाणी कधीचं उकळतंय." यांनी ताट बाजूला सारलं. "शब्द पाळलान गं तिनं. मला वाटलं होतं, मोडेल."

मला यांचा राग आला होता तो तिथेच गेला. बोलायचं मात्र मी टाळलं, कारण अशा वेळी बायको बोलली की नवऱ्याला वाद घालायला कारण मिळतं आणि मूळ दुखणं बाजूला पडतं.

रविवारी सकाळी मी उठले तर हे घरात नव्हते. टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवलेला ब्रश नव्हता, पिवळ्या रंगाचा डबा नव्हता. मी सायकल काढली. हवा भरायचा पंप तिच्या दांडीला असतोच. म्हैसखडकापाशी पोचले आणि सायकल हातातून सुटायची बाकी राहिली. आमचे हे गुडघ्यांवर होते. दोन्ही. म्हैसखडक म्हणजे बसलेल्या म्हशीएवढा, जमिनीत पक्का रुतलेला, आणि त्याच्या पोटावर हे ब्रश ओढत होते. बाण चांगला हातभर लांब, आणि त्याचं टोक सरळ आत्याबाईंच्या घराकडे.

"जरा ओघळलाय," मी म्हटलं.

"ओघळू दे. हलणार तर नाही?"

उठायला त्यांना माझा खांदा लागला. दोन्ही गुडघे असे काही वाजले की झुडपातलं पाखरू उडालं. तेवढ्यात खालच्या वळणावर पट्टीसाहेबांची टोपी दिसली. मागे सुट्टीचे चालणारे, दहापंधरा तरी असतील. रंग अजून ओला होता. मी पंप काढला आणि बाणावर हवा मारायला लागले. हे टोपीनं वारा घालत होते. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघांनी एक काम एकत्र, न भांडता केलं.

साहेब आले. बाणाकडे पाहिलं, मग पायाशी ठेवलेल्या दगडावरच्या बाणाकडे पाहिलं. खडक वर दाखवत होता, दगड खाली.

"दोन बाण, दोन दिशा," साहेब म्हणाले. "हा काय प्रकार आहे? आणि हा ओला दिसतोय."

"तपासणी म्हणून आज हात फिरवला, साहेब," हे म्हणाले. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

साहेबांनी नकाशा उघडला. म्हैसखडक सापडला, पुढे रेघ. ती रेघ त्यांनी टेबलावर बसून अशा जाड पेन्सिलीनं मारली होती की तिच्यात खालची वाटही मावत होती आणि आत्याबाईंचं घर कोंबड्यांसकट मावत होतं. साहेबांनी नकाशा आडवा धरला, मग उभा धरला. मागचे लोक खोळंबले. मी अगदी साळसूदपणे विचारलं, "साहेब, अशा वेळी नियम काय सांगतो?"

साहेबांचा चेहरा उजळला. नियम त्यांना तोंडपाठ होता, त्यांचाच होता. "पक्क्या खडकावरचा बाण तोच बाण. सुट्टा दगड हा बाण समजला जाणार नाही." असं म्हणून त्यांनी दगडाला एक लाथ मारली आणि थोडा वेळ एका पायावर उभे राहिले. मग म्हणाले, "खालपासून प्रत्येक फाट्यावर हे असले दगड कोण आणून टाकतं ते शोधून काढा. सगळे उचला. वाट इकडून."

"शोधतो, साहेब," हे म्हणाले. मी सायकलच्या चेनमध्ये काहीतरी अडकल्यासारखं केलं, कारण मला तोंड लपवायला जागा हवी होती.

साहेब पुढे, आम्ही मागे, आमच्यामागे लोक, असे सगळे आत्याबाईंच्या अंगणात पोचलो. त्या खुर्चीतून उठल्या. कठड्यावरचे कप एकेक करून सुलटे झाले. साहेबांनी चहा घेत इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही वाट जरा लांबून येते असं वाटतं."

आत्याबाई त्यांच्या आवाजाकडे कान लावून होत्या. "तुमच्या वडिलांचा आवाज असाच होता," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी एक नंबर मागायचे. बोलणं फार गोड. मला अजून सगळं आठवतं."

साहेबांचा कप अर्ध्यात थांबला. "पण देखावा छान आहे," ते म्हणाले. "वाट योग्य आहे."

भावोजी आले तेव्हा अंगणात बसायला जागा नव्हती. हातात रिकामी बॅग, आईचं उरलंसुरलं सामान भरायला आणलेली. कुणी ओळखत नसल्यामुळे कुणी लक्षही दिलं नाही. एका चालणाऱ्या बाईंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि सहज विचारलं, "तुम्ही वाट चुकून आलात की मुद्दाम?"

भावोजी कप धरून कोपऱ्यात गेले. तिथे त्यांची बाबागाडी होती. आत साहेबांनी लाथाडलेला दगड, मीच सायकलवरून आणून ठेवलेला, त्यावर पिवळा बाण. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग आईजवळ येऊन हळूच म्हणाले, "आई, रोज असंच असतं?"

आत्याबाईंना बिनदिक्कत हो म्हणता आलं असतं. पण त्या म्हणाल्या, "नाही. काल कुणी नव्हतं. परवा कुणी नव्हतं. आजपासून असेल."

"आजपासून का?"

आत्याबाई पुढचा कप भरायला वळल्या. भावोजींची नजर फिरत फिरत यांच्यावर आली आणि खाली गेली. पॅन्टच्या दोन्ही गुडघ्यांवर पिवळ्या रंगाचे मोठे डाग होते. दोघे एकाच घरात वाढलेले. जमिनीवर पडलेली विटी उचलायलासुद्धा हा आपला मोठा भाऊ कधी वाकला नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"दादा," ते म्हणाले, "तू गुडघे टेकलेस?"

"टेकले," हे म्हणाले. "आता ते सरळ होत नाहीयेत."

भावोजी पायरीवर बसले. आत्याबाई घसरल्या तीच पायरी. बाहीनं डोळे पुसले. मग उठून दाराशी भरून ठेवलेली आईची बॅग आत नेऊन ठेवली आणि स्वतःच्या रिकाम्या बॅगेत झाडाखालची लिंबं भरायला लागले. "वहिनी," मला म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून मला एक सायकल बाजूला काढून ठेवा. दर महिन्याला."

"काढून ठेवते," मी म्हटलं. "पण बाण बघत या."

ते निघाले तशी आत्याबाईंनी हाक मारली. "राजा, ती गाडी घेऊन जा. वाटेतले दगड उचलायला सांगितलेत साहेबांनी. आणि हा ठोंब्या काही उचलायचा नाही."

म्हणून त्या संध्याकाळी बंदरावरच्या लोकांनी पाहिलं ते असं. एक शहरी कपड्यांतला गृहस्थ स्वतःच्याच बाबागाडीत दगड भरून टेकडी उतरत होता, फाट्याफाट्यावर वाकत होता. आणि आमचे हे शेजारून लंगडत, हात मागे बांधून, पुढचा दगड कुठे आहे ते त्याला सांगत होते.